तुम्ही विचारलंत म्हणून: समाजाचं बघणं हे डॉक्टरचं काम आहे का?

हा प्रश्न माझ्याकडे दोन बाजूंनी येतो. विद्यार्थी म्हणतात, "मॅडम, आम्ही रोग बरा करायचा. माणसाचं घर, नोकरी, गरिबी हे बाकीच्यांनी बघावं ना?" आणि अभ्यासक्रमाच्या बैठकीत सहकारी विचारतात, "नेतृत्व आणि सामाजिक जबाबदारी, यांचे वेगळे तास ठेवू या का?" विद्यार्थ्यांना मी सांगते, तेही तुम्हीच बघायचंय. सहकाऱ्यांना सांगते, तास नकोत. कारण हे दोन्ही विषय आपण राउंडमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या रोजच्या फेरीत, शिकवतोच, फक्त बऱ्याचदा उलटे.

एक केस सांगते. हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर झालेला रुग्ण, पन्नाशीचा बसचालक, पुन्हा भरती झालेला. रेसिडेंटनं, म्हणजे वॉर्डात शिकत काम करणाऱ्या डॉक्टरनं, केस सुरेख मांडली: धाप, पायांवर सूज, छातीत खाली क्रेप्स (श्वासाबरोबर येणारे चरचर आवाज), इको म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा आकडा. शेवटी शिक्का मारला, "नॉन-कम्प्लायंट आहे, औषधं घेत नाही." आधीच्या भरतीत लघवीच्या गोळीचा डोस वाढवून त्याला घरी पाठवलं होतं. का घेत नाही, असं विचारल्यावर रेसिडेंट माझ्याकडे बघायला लागला. मग रुग्णालाच विचारलं. तो म्हणाला, "सकाळी गोळी घेतली की तासाभरात लघवीला लागते, आणि मग लागतच राहते. भरलेली गाडी मी कुठे थांबवू?"

उपाय एका वाक्याचा होता: ड्युटी संपल्यावर घ्या. सकाळीच घ्यायला सांगतो ते रात्रीची झोप मोडू नये म्हणून. ह्याची ड्युटी दुपारी संपत होती. आणि गंमत म्हणजे 'ऑक्युपेशन: चालक' हे केसपेपरवर अगदी वरती लिहिलेलं होतं. आपल्याकडे परीक्षेत ऑक्युपेशन विचारतात ते सिलिकोसिसकडे, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाकडे, न्यायचं असेल तर. एरवी तो रकाना भरायचा आणि पुढे जायचं, हे विद्यार्थी आपल्याकडूनच शिकतात. फ्रेडरिक हॅफर्टी या समाजशास्त्रज्ञानं 1994 साली वैद्यकीय शिक्षणातल्या अशा छुप्या अभ्यासक्रमावर लिहिलं होतं. वर्गात सांगतो ते एक, आणि वॉर्डात आपल्या वागण्यातून मुलं उचलतात ते दुसरं. परीक्षा पहिल्याची होते, डॉक्टर घडतो दुसऱ्यावर.

आता विद्यार्थी म्हणतील, गोळीची वेळ बदलली, काम संपलं. त्या एका रुग्णापुरतं संपलं. पण चालकांना मार्गावर स्वच्छतागृह नाही, ही गोष्ट त्यांच्या सुजलेल्या पायांतून पहिल्यांदा कळते कुणाला? आपल्याला. मग ती बससेवा चालवणाऱ्यांच्या कानावर घालणं हे आपलं काम नाही, असं कसं म्हणायचं?

इथे मी रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरचं नाव काढते. शिरेत गुठळी का होते याची त्याची तीन कारणं प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला पाठ असतात. 1848 मध्ये प्रशियाच्या सरकारनं त्याला अप्पर सायलेशिया या गरीब प्रांतातली टायफसची (उवांतून पसरणाऱ्या तापाची) साथ पाहायला पाठवलं, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. परत येऊन त्यानं लिहिलं ते भुकेबद्दल, शिक्षणाबद्दल, रस्त्यांबद्दल, लोकांच्या हाती कारभार असण्याबद्दल. पुढच्याच वर्षी राजकारणापायी त्याला बर्लिन सोडून वुर्झबर्गला जावं लागलं. हा भाग मी मुद्दाम सांगते. बोलण्याची किंमत पडते हे मुलांना आधी कळलेलं बरं. आणि समाजाच्या गोष्टी करणारा डॉक्टर शास्त्रात कच्चा असतो, असं ज्यांना वाटतं त्यांना 1858 सालचं त्याचं पेशी-विकृतिशास्त्राचं, म्हणजे रोग पेशींत शोधणाऱ्या शास्त्राचं, पुस्तक दाखवते.

अभ्यासक्रमवाल्यांना मात्र दुसरी आठवण करून द्यावी लागते. 1910 च्या फ्लेक्सनर अहवालानं अमेरिका-कॅनडातल्या 155 वैद्यकीय शाळा तपासल्या आणि दर्जा वर नेला, हे खरंच. त्याच लाटेत कृष्णवर्णीयांसाठीच्या सातपैकी पाच शाळा बंद पडल्या. दर्जाबद्दल बैठक असली की दाराबाहेर कोण राहणार, हेही त्याच बैठकीत विचारावं.

राहिलं नेतृत्व. या विषयावरच्या कार्यशाळांना मी गेले आहे. चहा चांगला असतो. मला पटलं ते उदाहरण मिशिगनचं आहे. तिथल्या शंभरावर अतिदक्षता विभागांत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवायची नळी (कॅथेटर), घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टी ठरवल्या, हात धुण्यापासून सुरुवात करून. 2006 मध्ये निष्कर्ष छापून आले: संसर्गाचं प्रमाण कॅथेटरच्या दर हजार दिवसांमागे 2.7 होतं, त्याचा मध्यांक (सगळे विभाग क्रमानं लावले तर मधल्याचा आकडा) तीन महिन्यांत शून्यावर आला. लोक चेकलिस्टचं कौतुक करतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार सिस्टरना दिला होता आणि वरिष्ठ त्यांच्या पाठीशी होते.

तुमच्या युनिटमध्ये "सर, थांबा" कोण म्हणू शकतं? याचं उत्तर रात्री दोनच्या फोनवर कळतं. रेसिडेंट घाबरत फोन करतो, "मॅडम, बीपी पडतंय." पलीकडून "एवढ्यासाठी उठवलंस?" आलं, की पुढच्या वेळी तो सकाळपर्यंत वाट बघतो. रुग्ण मात्र थांबत नाही. "बरं केलंस फोन केलास, आता सांग" एवढं म्हणायला काही खर्च नाही, आणि ऐकणारा पुढे स्वतः वरिष्ठ झाला की बहुधा हेच म्हणतो.

आमच्याकडे सध्या एकच नियम आहे. केस मांडून झाली की शेवटचं वाक्य इंटर्ननं बोलायचं: हा माणूस घरी गेल्यावर त्याचं काय अडेल? इंटर्ननंच, कारण रुग्णाजवळ तोच सर्वांत जास्त वेळ असतो. यानं राउंड लांबतो, अशी तक्रार आहे, आणि ती खरी आहे. म्हणून स्क्रीनवर दिसणारे रक्ताचे रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवायची पद्धत मी बंद केली.