तुम्ही विचारलंत म्हणून: गॅमा मोजून तेल सापडतं का?

परत तोच प्रश्न. "गॅमा मोजून जमिनीखालचं तेल खरंच सापडतं का हो?" हो म्हटलं की हसता, नाही म्हटलं की विचारता मग इतकी वर्षं करत काय होतात.

गॅमा म्हणजे मातीतल्या पोटॅशियम, थोरियमसारख्या मूलद्रव्यांतून आपोआप निघणारे किरण. तेलातून येणारा गॅमा आम्ही मोजतच नाही. खोलवरचं काही वर पोचत नाही, वरच्या जेमतेम अर्ध्या मीटर मातीचेच काउंट, म्हणजे यंत्राने मोजलेले किरण, येतात. म्हणणं एवढंच की साठ्यातून वायू झिरपत वर येतो, मातीची केमिस्ट्री बदलते, पोटॅशियम कमी होतं आणि थोरियम जागचं हलत नाही, म्हणून पोटॅशियमला थोरियमने भागलं की साठ्याच्या डोक्यावर नकाशात लो, म्हणजे कमी आकड्यांचा भाग, दिसतो. शिवाय भागाकारात ओलाव्याचा घोळ बराचसा निघून जातो. हे मी छाती ठोकून सांगायचो.

मग तो ब्लॉक, म्हणजे तेल शोधायला आखून दिलेला भाग, आला. काय लो होता! जवळजवळ गोल, कडा स्वच्छ. सिस्मिकवाले, म्हणजे जमिनीत धक्के देऊन परत येणाऱ्या लाटांवरून खालचे थर बघणारे, म्हणत होते खाली स्ट्रक्चर, म्हणजे तेल अडकेल अशी थरांची रचना, धड दिसत नाही, मी मीटिंगमध्ये त्यांच्याशी आवाज चढवून भांडलो. ड्रिलिंग झालं आणि वेल ड्राय गेली, तेल निघालंच नाही. कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. पुढे कधीतरी जुनी फील्डबुकं काढून बसलो तर त्या सगळ्या पॉइंटांसमोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "वाळू". नदीचं जुनं बुजलेलं वळण होतं ते! धुतलेल्या वाळूत पोटॅशियम कमी, मोनाझाइटसारखी जड खनिजं मात्र साचलेली, म्हणजे थोरियम जास्त. भागा आता. तेलाचा थेंब नसताना झकास लो मिळतो. मी स्वतः लिहिलं होतं आणि स्वतःच वाचलं नाही, कारण लो इतका सुंदर होता.

म्हणून पद्धतच भंपक? थांबा. सिस्मिकवर खोदलेल्या वेलही ड्राय जातातच की, तेव्हा कुणी सिस्मिकला भोंदूगिरी म्हणत नाही. बोअरहोलमध्ये गॅमा लॉग टाकून, म्हणजे यंत्र खाली सोडून खोलीप्रमाणे गॅमा मोजून, शेल (चिकणमातीचा खडक) कुठे नि वाळू कुठे हे तर रोज बघतात, त्यावर हसत नाही कुणी. पण तो लॉग दगड ओळखतो, तेल नाही, हेही खरं, आणि तेव्हाचा मी हा फरक मुद्दाम पुसट करून सांगायचो.

त्याच नकाशावर आग्नेयेला दुसरा एक लो होता. फील्डबुकात तिथे आतबाहेर माती सारखीच लिहिलीय, दोनदा तपासलं. तिथे कुणी खोदलंच नाही.