भिरभिरं थांबलं तेव्हा

"ताई, शॉक नाही ना देणार?" मुलीच्या आईनं आल्या आल्या विचारलं. अकरा वर्षं ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढतेय, हा प्रश्न रोजचाच. आम्ही मेंदूला काही देत नाही, त्याच्यात आपोआप चाललेलं टिपतो.

मुलगी आठ वर्षांची. चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे केस धुऊन, तेल न लावता आणलेली. शाळेची तक्रार एकच, लक्ष नसतं, हाक मारली तरी ओ देत नाही. दोनदा बाकावर उभं केलं होतं. पिशवीत दुसरीकडचा जुना रिपोर्ट, 'नॉर्मल'. मी सगळी पानं उलटली. त्यात जोरात श्वास घ्यायला लावलेलाच नव्हता. माझा संताप झाला. दमा, हृदयाचा त्रास असं काही नसेल, तर तीन मिनिटांचं हे काम टाळायला काही कारण नसतं. जोरानं श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि अशा मुलांमध्ये दडलेली फिट नेमकी तेव्हाच वर येते.

नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मोजलं, खुणा केल्या, पेस्ट भरून इलेक्ट्रोडच्या छोट्या वाट्या बसवल्या. कपाळावरच्या दोन, एफपी वन आणि एफपी टू, बसवायला सगळ्यात सोप्या, तिथं केसच नसतात. वाचायला मात्र त्याच अवघड. पापणी लवली की तिथं मोठी लाट उठते, आणि घाईत असलेला माणूस तिथलं सगळंच 'पापण्या' म्हणून सोडून देतो.

मुलांसाठी मी कार्डपेपरची भिरभिरी करून ठेवते. एक तिच्या तोंडासमोर धरलं. "फुंकत राहा, थांबायचं नाही." दोन मिनिटं छान फिरलं. मग थांबलं.

नजर एका जागी खिळली, पापण्या बारीक फडफडल्या. स्क्रीनवर डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकदम स्पाइक, म्हणजे टोकदार सुळका, आणि लाट, स्पाइक आणि लाट, सेकंदाला तीन. पुढच्या भागात सर्वांत उंच. रेघा एकमेकींवर चढल्या, म्हणून त्या लहान दिसाव्यात यासाठी सेन्सिटिव्हिटी मिलिमीटरला ७ वरून १५ मायक्रोव्होल्टवर नेली. त्याच वेळी मोठ्यानं म्हणाले, "पेरू." नऊ सेकंद. मग काही झालंच नाही अशी ती पुन्हा फुंकू लागली.

"मी आत्ता कुठल्या फळाचं नाव घेतलं?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं ऐकलं होतं. तिचा हात तोंडावर गेला.

"ताई, काय दिसलं?"

निदान सांगायचं ते डॉक्टरांनी, टेक्निशियननं नाही. नियम मला पटतो. "डॉक्टर सांगतील," म्हणाले.

"मीपण मारलंय हो हिला. मुद्दाम करते म्हणून."

त्या दिवसापासून मनात तेच घोळतंय. रोगाचं नाव नको, औषध नको, पण 'ही मुद्दाम करत नाही' एवढं म्हणायला मला कुणी अडवलं होतं? मी खाली मान घालून मुलीच्या कपाळावरची पेस्ट ओल्या कापसानं पुसत राहिले. पावणेबारा वाजले होते. डॉक्टर साडेचारला येणार होते.