आमची वाटचाल : महालातला छापखाना आणि तळाची एक ओळ

आजोबांनी जुनं ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र, विकत घेतलं तेव्हा नागपूर राजधानी होतं. दुसऱ्याच्या छापखान्यात बरीच वर्षं खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून त्यांनी पैसे साठवले होते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामी केली, चार केसेस, म्हणजे चार खणांच्या पेट्या, मराठी टाइप आणला आणि कचेऱ्यांचे फॉर्म, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका अशी कामं सुरू झाली. पण पहिला कागद छापण्याआधी त्यांना सिव्हिल लाइन्सला जाऊन मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावं लागलं. अमुक ठिकाणी माझ्याकडे छापखाना आहे, असं प्रतिज्ञापत्र तिथं करून द्यायचं होतं. कायदा होता १८६७ चा, प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स अ‍ॅक्ट. किराणा दुकान काढणाऱ्याला असं काही करावं लागत नाही, छापखाना काढणाऱ्याला मात्र लागतं, हे आजोबांच्या मनावर त्या दिवशी कोरलं गेलं.

त्याच कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण घालणं बंधनकारक केलं. आमच्या धंद्यात त्याला प्रिंटलाइन म्हणतात. ती चुकली तर दोन हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. पुढे आम्ही चार घरं सोडून थोड्या मोठ्या जागेत गेलो, तेव्हा नवं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. यंत्र तेच, माणसं तीच, गल्लीही तीच, पण कायद्याच्या लेखी जागा बदलली म्हणजे सगळं नव्याने.

या ओळीचा इतिहास मी धंद्यात आल्यावर हळूहळू वाचत गेलो. १७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने पहिल्यांदा हुकूम काढला, की प्रत्येक अंकावर मुद्रकाचं नाव हवं, संपादक आणि मालक यांची नावं सरकारला कळवायची आणि मजकूर आधी सरकारी सचिवाकडून तपासून घ्यायचा. १८२३ मध्ये जॉन अ‍ॅडमने परवान्याची अट घातली, तेव्हा राजा राममोहन राय यांनी आपलं फारसी पत्र ‘मिरात-उल-अखबार’ बंद केलं, पण परवाना मागितला नाही. मेटकाफने १८३५ मध्ये तो नियम उठवला. १८५७ च्या उठावात कॅनिंगने परवाना वर्षभरासाठी परत आणला. १८७८ चा व्हाइसरॉय लिटनचा कायदा तर फक्त देशी भाषांतल्या पत्रांसाठी होता. जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटने मुद्रक आणि प्रकाशक यांच्याकडून मुचलका लिहून घ्यायचा, अनामत मागायची आणि त्याविरुद्ध कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता, म्हणून ‘अमृत बझार पत्रिका’ एका आठवड्यात बंगालीची इंग्रजी झाली. रिपनच्या काळात तो रद्द झाला. मराठी छापणाऱ्याला संशयित धरणारा कायदा या देशात होता, हे वाचलं तेव्हा मला फार लागलं.

आजोबा मात्र १८९७ च्या खटल्याबद्दल बोलायचे. त्या खटल्यात लोकमान्यांना अठरा महिन्यांची सजा झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. आरोपीच्या पिंजऱ्यात त्यांच्या शेजारी केसरी छापणारे केशव महादेव बाळही उभे होते, हे फारसं कुणी सांगत नाही. ज्यूरीने त्यांना सोडलं. आजोबा म्हणायचे, “लेख त्यांनी लिहिला नव्हता, पण खाली नाव त्यांचं होतं.” हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. ते स्वतः नाव छापणाऱ्यांपैकी होते ना.

नागपूरलाही याची झळ बसली आहे. माधवराव सप्रे यांनी १९०७ मध्ये इथून ‘हिंदी केसरी’ काढलं. अच्युतराव कोल्हटकर इथेच ‘देशसेवक’ चालवत होते. १९०८ मध्ये दोघांनाही राजद्रोहाखाली अटक झाली. मग १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आला. त्यात नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपयांचा जामीन घेता येई. आक्षेपार्ह काही छापलं तर जामीन जप्त. पुन्हा सुरू करायचं तर एक ते दहा हजार भरायचे आणि परत चूक झाली तर यंत्रासकट छापखानाच जप्त. त्या काळात दहा हजार म्हणजे आमच्यासारख्याचं अख्खं आयुष्य. तो कायदा १९२२ मध्ये गेला, पण १९३१ मध्ये त्याचा भाऊ आला. आजोबा जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारे, म्हणून शिकले ते या दुसऱ्या कायद्याखाली. मालक रोज संध्याकाळी प्रूफं, म्हणजे तपासायला काढलेले कच्चे छापे, घरी नेऊन वाचायचे, ती सवय आजोबांनी तिथूनच उचलली.

१ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात गेलं. राजधानी गेली तशी कचेऱ्यांची कामं आटली आणि आम्ही पुस्तकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि एक छोटं साप्ताहिक यांवर आलो. या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. घर चाललं. एवढंच नोंदवतो, की साठीच्या दशकाच्या सुरुवातीला सुप्रीम कोर्टाने पुण्याच्या ‘सकाळ’च्या बाजूने निकाल दिला, तेव्हा आजोबांनी गल्लीत पेढे वाटले होते. किमतीनुसार अंकाची पानं किती असावीत, हे सरकार ठरवू पाहत होतं. पानांवर बंधन म्हणजे बोलण्यावर बंधन, असं कोर्टाने मान्य केलं.

आणीबाणीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, दुसऱ्या दिवसापासून सेन्सॉरशिप. बाबा तेव्हा नुकतेच छापखान्यात बसायला लागले होते. साप्ताहिकाचे संपादक निवृत्त शिक्षक होते. गॅलीप्रूफं घेऊन बाबा सायकलवर सेन्सॉर अधिकाऱ्याकडे जायचे आणि काट मारलेली प्रूफं घेऊन परत यायचे. एकदा कापसाच्या भावावरचा पाऊण कॉलम गेला. फर्मा, म्हणजे पानाची जुळवलेली अक्षरं, दोरीने बांधून तयार होता, रात्रीचे अकरा वाजले होते. आजोबांनी दोरी सोडली, त्या ओळी उचलल्या आणि तिथं कोरे स्पेस भरले. कोरी जागा पाहून वाचकाला कळेल, असं त्यांच्या मनात होतं. दिल्लीत ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडल्याचं त्यांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की रिकामी जागाही चालणार नाही. मग तिथं आठवडी बाजारांचे वार छापले. बाबा सांगतात, आजोबांनी त्या रात्री जेवण केलं नाही.

साप्ताहिकावर बंदी आली नाही. जाहिराती देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, संपादकांची तब्येत ढासळली आणि चार महिन्यांत ते बंद पडलं. दोन जुळाऱ्यांना आम्हाला घरी पाठवावं लागलं. त्यातल्या एकाने आजोबांबरोबरच दुसऱ्याच्या छापखान्यात काम शिकलं होतं. १९७६ च्या सुरुवातीला आक्षेपार्ह मजकूर रोखणारा नवा कायदा झाला. त्यात छापखान्याकडून जामीन मागायची तरतूद पुन्हा होती. जामीन हा लहानपणापासून ऐकलेला शब्द आजोबांना स्वतंत्र देशात परत ऐकू आला. १९७७ मध्ये नव्या सरकारने तो कायदा रद्द केला. त्या आठवड्यात आजोबा संपादकांच्या घरी गेले आणि पुन्हा सुरू करा म्हणाले. त्यांनी हात जोडले. ते साप्ताहिक पुन्हा निघालं नाही. आमच्या छापखान्याचं सगळ्यात मोठं नुकसान मला विचारलंत, तर मी हेच सांगेन.

पुढे खिळे गेले, ऑफसेट आलं, डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आलं. मी बाबांच्या हाताखाली शिकलो ते वाचायला. “छापण्याआधी वाचून पाह्य, खाली नाव आपलं आहे,” हे त्यांचं रोजचं. विधानसभेच्या एका निवडणुकीत मी ते ऐकलं नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाप्रमाणे निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते लागतात. प्रकाशकाचं प्रतिज्ञापत्र दोन ओळखीच्या माणसांच्या सह्यांनी घ्यायचं आणि छापल्यावर प्रतीसह जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. कागदपत्रं मी चोख केली, पण डिझाइन बदलताना प्रिंटलाइनच उडाली. पाच हजार पत्रकं छापून झाल्यावर बाबांच्या नजरेला आलं. कागद ग्राहकाने दिलेला, पुन्हा छापायला वेळ नाही. रात्री रबरी शिक्का करून आणला आणि आई, बाबा, मी, बायको आणि दोन कामगार असे सहाजण पहाटेपर्यंत शिक्के मारत बसलो. सकाळी ग्राहक आला तेव्हा बाबांनी त्याला चूक स्वतः सांगितली आणि शिक्क्याच्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

पुढच्याच निवडणुकीत एकजण रात्री आला. मजकूर दुसऱ्या उमेदवाराबद्दल होता, वाचायलाही नको वाटेल असा. नाव टाकू नका, दुप्पट पैसे घ्या, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो माणूस आणि त्याची माणसं पुन्हा आमच्याकडे आली नाहीत आणि वर्षभर ती कामं हातची गेल्याचं जाणवलं. बाबांना सांगितलं तर त्यांनी फक्त चहा मागवला.

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा संपला. आता प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरिऑडिकल्स अ‍ॅक्ट लागू आहे. मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहायचं नाही, नियतकालिकाची नोंदणी आणि मुद्रकाची माहिती ऑनलाइन द्यायची. आम्ही छापतो त्या एका त्रैमासिकाची नोंद मी घरून संगणकावर केली. शेजारी बाबा बसले होते. आजोबा सिव्हिल लाइन्सला दोनदा हेलपाटे घालून आले होते, ते त्यांना आठवलं. कैदेची शिक्षाही आता जवळपास उरलेली नाही. नोंदणीशिवाय अंक काढला आणि सांगूनही सहा महिन्यांत थांबवला नाही, तरच ती होऊ शकते. छापणाऱ्याच्या मानेवरचं ओझं इतकं हलकं झालेलं मी पहिल्यांदाच पाहतो आहे आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

नव्या कायद्यात पुस्तकं मात्र नाहीत, म्हणजे पुस्तकावरच्या प्रिंटलाइनची ती जुनी सक्ती उरली नाही. गेल्या पावसाळ्यात इथल्या एका तरुण कवीचा संग्रह छापायला आला. शेवटच्या पानावरची आमची ओळ काढता येईल का, असं त्याने विचारलं, मांडणीत खुपत होती. मी त्याला चहा दिला आणि आजोबांच्या कोऱ्या कॉलमची गोष्ट सांगितली. त्याने ओळ राहू दिली. फक्त आठ पॉइंटची सहा पॉइंट करून आतल्या पानावर, हक्कांच्या मजकुराखाली घेतली.