तुम्ही विचारलंत म्हणून: कंपास नेमका कुठे टेकवायचा?

भूमिती शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यांकडून, आणि त्याहून अधिक वेळा त्यांच्या पालकांकडून, एक प्रश्न हमखास येतो: रचनेचे उदाहरण सोडवताना कंपास कुठे टेकवायचा हे तुम्हाला आधीच कसे कळते? प्रश्नामागची समजूत अशी असते की पायऱ्या पाठ असाव्या लागतात, किंवा काहीतरी एकदम सुचावे लागते. माझे उत्तर असे आहे की कागदावर कंपास ठेवण्यापूर्वी मी दिलेल्या अटींपैकी एक अट मुद्दाम सोडून देतो आणि हवा असलेला बिंदू उरलेल्या अटी पाळून कुठेकुठे फिरू शकेल ते पाहतो. त्या फिरण्याच्या वाटेला आपण बिंदुपथ म्हणतो. अशा दोन वाटा मिळाल्या की त्यांच्या छेदात उत्तर असते.

एक उदाहरण घेतो. त्रिकोण अबक मध्ये पाया बक 6 सेमी, कोन अ 60 अंश आणि अ पासून पायावरची उंची 4 सेमी आहे. त्रिकोण काढायचा आहे. पाया काढताच ब आणि क ठरतात, म्हणजे शोध केवळ अ चा उरतो. उंचीची अट बाजूला ठेवली, तर ज्या बिंदूंपासून बक हा रेषाखंड 60 अंशांत दिसतो ते पायाच्या एका बाजूचे सर्व बिंदू ब आणि क मधून जाणाऱ्या एका वर्तुळकंसावर येतात, कारण एकाच कंसातील आंतरलिखित कोन समान असतात. त्याचे केंद्र बक च्या लंबदुभाजकावर असते, आणि केंद्रस्थ कोन 120 अंशांचा असल्यामुळे ब पाशी पायाशी 30 अंशांचा कोन केला की ते सापडते. आता कोनाची अट सोडून उंचीची अट धरली, तर अ हा पायापासून 4 सेमी अंतरावरच्या समांतर रेषेवर असला पाहिजे. ही रेषा कंसाला दोन ठिकाणी छेदते. मिळणारे दोन त्रिकोण एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब असल्याने उत्तर एकच धरावे. उंचीऐवजी मध्यगा दिली असेल, तर समांतर रेषेच्या जागी पायाच्या मध्यबिंदूभोवतीचे वर्तुळ येते. बाकी काही बदलत नाही.

याच उदाहरणात उंची 4 ऐवजी 5.2 सेमी दिली, तर वहीत समांतर रेषा कंसाच्या माथ्याला स्पर्श करताना दिसेल आणि विद्यार्थी समाधानाने समद्विभुज त्रिकोण काढून मोकळा होईल. प्रत्यक्षात कंसाचा माथा पायापासून 3√3, म्हणजे सुमारे 5.196 सेमी उंचीवर आहे. रेषा त्याच्या वरून जाते आणि असा त्रिकोण अस्तित्वातच नाही. हे अंतर मिलिमीटरच्या पंचविसाव्या भागाएवढे आहे, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीहूनही कमी. ते डोळ्यांना दिसत नाही, तर्काला दिसते. म्हणूनच दोन वाटा छेदतात का, आणि किती ठिकाणी, हा प्रश्न मी रचनेचाच भाग मानतो. खुद्द युक्लिडवरही याच जागी आक्षेप घेतला गेला आहे. त्याच्या ग्रंथातील पहिल्याच विधानात दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढण्यासाठी दोन वर्तुळे छेदवली आहेत, पण ती छेदतात हे सिद्ध केलेले नाही.

खरी कसोटी लागते ती बिंदुपथ कंपासने काढता येत नाही तेव्हा. नववीतले परिचित उदाहरण पाहा: पाया बक 6 सेमी, कोन ब 60 अंश आणि अब व अक यांची बेरीज 10 सेमी. बेरजेची अट जशीच्या तशी धरली, तर अ ची वाट हे ब आणि क ही नाभिकेंद्रे (ज्यांच्यापासूनच्या अंतरांची बेरीज कायम राहते असे दोन बिंदू) असलेले लंबवर्तुळ होते, आणि ते आपल्या साधनांनी अखंड काढता येत नाही. म्हणून कोन ब च्या दुसऱ्या भुजेवर ब पासून 10 सेमी अंतरावर ड घ्यायचा. अ हा बड वर असल्याने अब आणि अड यांची बेरीज 10 सेमी आहे, त्यामुळे अड आणि अक समान ठरतात. बेरजेची अट अशी समान अंतराची अट झाली, आणि तिची वाट म्हणजे डक चा लंबदुभाजक. तो बड ला जिथे छेदतो तिथे अ आहे. पाठ्यपुस्तकातून ही रचना मुले तोंडपाठ करतात, पण ड हा बिंदू का आला हे क्वचितच कोणी विचारते, याची मला खंत वाटते.

अर्थात प्रत्येक अट अशी वळवता येत नाही. 60 अंशांच्या कोनाचे तीन समान भाग केवळ पट्टी आणि कंपास वापरून करता येणार नाहीत, हे वाँट्झेल या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये सिद्ध केले. मात्र वाट काढता येत नाही म्हणून छेदबिंदूही मिळणार नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. एका कोनाच्या दोन्ही भुजांना स्पर्श करणारे आणि कोनाच्या आतील प या बिंदूतून जाणारे वर्तुळ काढायचे असेल, तर केंद्राची एक वाट कोनदुभाजक आहे. दुसरी वाट, म्हणजे प पासून आणि एका भुजेपासून समान अंतरावरचे बिंदू, हा अन्वस्त आहे. तो काढण्याच्या फंदात न पडता मी प ची अट सोडतो आणि भुजांना स्पर्श करणारे कोणतेही एक वर्तुळ काढतो. शिरोबिंदूतून प कडे जाणारा किरण त्याला दोन ठिकाणी छेदतो. त्यांतील प्रत्येक छेदबिंदू या वर्तुळाच्या केंद्राशी जोडावा आणि प मधून त्या रेषेला समांतर काढावी. ती कोनदुभाजकाला जिथे मिळेल ते हव्या असलेल्या वर्तुळाचे केंद्र होय. अशी दोन वर्तुळे मिळतात. प नेमका कोनदुभाजकावर असला तर ही शेवटची पायरी निकामी होते, कारण समांतर रेषा आणि दुभाजक एकच होतात. तेव्हा प मधून दुभाजकाला लंब काढावा. त्या लंबामुळे भुजांसह जो समद्विभुज त्रिकोण तयार होतो, त्याचे अंतर्वर्तुळ आणि लंबापलीकडचे बाह्यवर्तुळ ही ती दोन उत्तरे होत.