आमची वाटचाल : मळीवरची साय

लातूरच्या एमआयडीसीत आमचा गाळा आहे. मागच्या खोलीत रॅकवर उथळ ट्रे मांडलेले असतात, त्यांच्या तोंडाला कापड बांधलेलं. नवीन माणूस आत आला की हमखास विचारतो, "दही लावता का हो इथं?" एका अर्थी लावतोच. विरजण जिवाणूंचं, आणि दुधाच्या जागी साखर कारखान्याची मळी, पाणी घालून पातळ केलेली. आठवडाभरात तिच्यावर जाड साय धरते. ही साय म्हणजे सेल्युलोज, जिवाणूंनी विणलेलं. ती धुऊन, कापून, पाकिटात बंद करून आम्ही जखमेवर लावायला देतो.

मी मूळचा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. बॅग घेऊन बीड, धाराशिव, नांदेड पालथं घातलं. 2013 साली नोकरी सोडली आणि गॉज-बँडेजचा धंदा मांडला. थान आणायचं, कापायचं, घड्या घालायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये वाफेने निर्जंतुक करून टेंडरला द्यायचं. त्या धंद्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पैसे उशिरा यायचे, एवढंच. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आमचा ऑटोक्लेव्हही टँकरच्या भरवशावर होता.

माल पोचवायला जायचो तेव्हा ड्रेसिंग रूमच्या दारात थांबावं लागे. ऊसतोडीवरून परतलेली माणसं यायची, पिंढरीला कोयता लागलेला, वर चहापूड दाबलेली. शुगरच्या पेशंटच्या तळपायाची जखम तर महिनोन्‌महिने तशीच. सिस्टर वाळलेलं गॉज ओढायच्या, पेशंट ओरडायचा, आणि चार दिवसांत जी काही कोवळी कातडी धरलेली असे ती गॉजबरोबर निघून यायची. गॉज माझंच असायचं.

आपल्याकडे घरोघरी ठरलेलं आहे : जखम उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरू दे. 1962 साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या उथळ जखमांवर पॉलिथिनचा पापुद्रा लावून याच्या उलट दाखवलं. झाकलेल्या, ओलसर जखमेवर कातडी जवळपास दुप्पट वेगाने धरली. खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढत जावं लागतं. ओलावा असला की त्या सरळ पुढे सरकतात. हे एका सर्जनांनी मला चहा पिताना समजावलं, आणि माझा गॉजवरचा जीव उडाला.

पहिला विचार कोलॅजनचाच होता, म्हणजे कातडीतल्या प्रथिनाचा. त्याच सर्जनांकडे एका माळकरी आजोबांच्या पायाला कोलॅजनची पट्टी लावायची होती. आजोबांनी विचारलं, "सायेब, हे कशाचं हाय ओ? माळ हाय माझ्या गळ्यात." डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, जनावराच्या कातड्यापासून. आजोबांनी पाय मागे घेतला. मासळीचंही कोलॅजन मिळतं, पण माळकऱ्याला त्याचा काय उपयोग? कायटोसान पाहिलं, तर ते कोळंबीच्या टरफलांचं. आमच्या भागात दर दोन गावांआड दिंडी निघते, त्यामुळे हा प्रश्न मला किरकोळ वाटला नाही.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी या सायीची वाट दाखवली. 1886 साली ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन करून ठेवलंय. तिचे धागे कापसाच्या तंतूपेक्षा कितीतरी बारीक, आणि ओल्या सायीच्या वजनात जवळजवळ 99 टक्के पाणीच. ट्रेमधून काढताना ती मळीमुळे तपकिरी असते. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतली की जिवाणू मरून निघून जातात आणि ती काचेसारखी होते. ओली राहिली तर जखमेला चिकटत नाही. शिवाय आरपार दिसतं, पट्टी न काढता जखम पाहता येते. जिवाणूंना खाद्य म्हणून पेप्टोन, म्हणजे फोडलेली प्रथिनं लागतात, तेही बहुतेक प्राणिजन्य असतं. आम्ही सोयाबीनचं घेतलं. सोयाबीनच्या बाजारपेठेत बसून दुसरं काय घेणार?

पहिल्या उन्हाळ्यात सगळं फसलं. जिवाणूंना 28 ते 30 अंश मानवतात, बाहेर 42 च्या वर. दुपारी लाइट गेली, एसी बंद, रात्री उशिरा आली. दोन दिवसांनी ट्रे उघडले तर शिळ्या भाकरीवर येते तशी हिरवी बुरशी. चाळीस ट्रे ओतून दिले. जनरेटर घेतला तो कर्ज काढून.

पण नुसती साय म्हणजे झाकण. डॉक्टरांना त्यात काहीतरी हवं होतं, आणि बाकी सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती, हळद. आई, मेहुणा, बँकेचे मॅनेजर. वसमत-हिंगोलीची हळद इथून हाकेच्या अंतरावर, मग घालत का नाही? जोडीला सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे तेव्हाचे प्रमुख माशेलकर यांचा दाखला. 1995 साली मिसिसिपी विद्यापीठाला जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि सीएसआयआरने लढून 1997 साली ते रद्द करायला लावलं, याचा मलाही अभिमान आहे. मात्र पेटंट रद्द झालं ते हा उपयोग आधीपासून माहीत होता म्हणून. किती हळद, किती वेळ, कुठल्या जखमेला, हे तिथं कोणी विचारलंच नव्हतं. ते आम्हाला विचारावं लागलं.

हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, आणि आमची साय तर सगळी पाण्याची. अल्कोहोलमध्ये विरघळवून सायीत मुरवलं, तर ते तिथंच बसून राहिलं, जखमेकडे उतरेना. स्टार्चपासून केलेल्या सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये बांधून घातलं, तर पहिल्या काही तासांतच सगळं बाहेर, पुढचे दोन दिवस पट्टी रिकामी. खिडकीत ठेवलेले नमुने आठवड्यात फिके पडले. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, हळदीचा डाग उन्हात उडतो, मला विचारायचंस की." खरा घाव सर्जनांनी घातला : "जखमेत पिवळा स्लफ आहे की तुमची हळद, हे मी कसं ओळखू?" स्लफ म्हणजे जखमेवरचा मेलेल्या पेशींचा थर. सायीचा सगळ्यात मोठा गुण तिची पारदर्शकता, आणि आम्ही तीच रंगवून बसलो होतो.

शेवटी पॉलीहेक्सानाइड हे जंतुनाशक घेतलं. पाण्यात विरघळतं, रंग नाही, सायीतून हळूहळू उतरतं. ते जंतू आवरतं. कातडी भरून आणायचं काम शरीरच करतं. ग्रोथ फॅक्टरची, म्हणजे पेशी वाढवणाऱ्या प्रथिनाची पट्टी का करत नाही, असंही विचारतात. त्या प्रकारचं जेल अमेरिकेत 1997 पासून मधुमेहाच्या पायासाठी मंजूर आहे, पण ते फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. आमच्याकडची लाइट पाहता ते आम्हाला झेपणारं नाही.

परवान्याची कथा थोडक्यात. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्याप्रमाणे ए ते डी असे चढते वर्ग आहेत. ए-बीचा परवाना राज्याकडून, सी-डीचा दिल्लीहून. पट्टीत औषधी द्रव्य घातलं की वर्ग चढतो, कागद वाढतात. निर्जंतुकीकरणासाठी माल मुंबईकडे गॅमा किरणांच्या प्लांटला जातो, किरणांचा डोस 25 किलोग्रे. पहिल्या लॉटची पाकिटं आम्ही काठापर्यंत भरली होती. वाटेत शिवणीतून पाणी झिरपलं आणि सगळा लॉट गेला. चूक आमचीच.

एका वितरकाने मात्र आम्हाला न विचारता पत्रकं छापली, "सात दिवसांत जखम बरी." माल परत घेतला, नुकसान सोसलं. शुगर आवरली नाही, पायावरचा भार काढला नाही, मेलेली कातडी साफ केली नाही, तर आमच्या सायीने काहीही होणार नाही, आणि हे आता पाकिटावर मराठीत छापलंय. किमतीवरून अजून वाद होतात. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाचं स्वस्त ड्रेसिंग वापरून दाखवलंय. ते ठाऊक असलेला डॉक्टर मला पहिला प्रश्न तोच टाकतो. भाजलेल्या उथळ जखमेला पान चालत असेल तर मी साय गळ्यात मारत नाही.

हळदीचं काम बंद केलेलं नाही. प्रयोगशाळेतली मुलगी काळ्या फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बाटल्या कपाटात ठेवते, आता समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटचा थर देऊन पाहतेय. मागच्या दिवाळीत आईने पुन्हा विचारलं, "घातलीस का हळद?" मी म्हणालो, "अजून नीट सुटत नाही."

"मग उन्हात टाक की," ती म्हणाली.