कमळाचे खरे नातेवाईक

कमळ आणि कुमुद, म्हणजे रोपवाटिकेत वॉटर लिली म्हणून मिळणारी वनस्पती, या दोन्ही एकाच तळ्यात वाढतात. दोन्हींचे कंद चिखलात असतात, पाने गोल आणि फुले पुष्कळ पाकळ्यांची असतात. त्यामुळे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस यांनी १७५३ मध्ये त्यांना निंफिया या एकाच प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवले, यात नवल नाही. बेंथॅम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांची १८६२ ते १८८३ या काळात प्रसिद्ध झालेली वर्गीकरणाची पद्धत आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. तिच्यातही कमळ कुमुदाच्याच कुलात, म्हणजे प्रजातींच्या त्याच मोठ्या गटात, राहिले. आजच्या वर्गीकरणानुसार मात्र कमळाचे सर्वांत जवळचे हयात नातेवाईक आहेत काश्मीरचा चिनार आणि मूळचा ऑस्ट्रेलियातील सिल्व्हर ओक.

हे विधान प्रथम वाचताना थट्टाच वाटते, कारण पाण्यातली एक वनस्पती आणि जमिनीवरचे दोन उंच वृक्ष यांच्यात डोळ्यांना दिसेल असे साम्य जवळजवळ नाही. परंतु नीट पाहिले तर कमळ आणि कुमुद यांच्यातील साम्यही वरवरचेच ठरते. कुमुदाचे पान पाण्यावर तरंगते आणि त्याला देठापर्यंत चीर असते; कमळाचे पान अखंड असून बहुधा पाण्याच्या वर उभे राहते. कमळाच्या फुलातील स्त्रीकेसर भोवऱ्याच्या आकाराच्या पुष्पासनात (फुलाच्या बैठकीत) सुटे सुटे रुतलेले असतात, तशी रचना कुमुदात नसते. सर्वांत बोलका पुरावा परागकणाचा आहे. कमळाच्या परागकणावर तीन खाचा असतात, आणि ही खूण बहुसंख्य द्विदल वनस्पतींना एका शाखेत बांधते. कुमुदाचा परागकण त्या घडणीचा नाही.

अंतिम निवाडा डीएनएने केला. हरितलवकातील एका जनुकाची सुमारे पाचशे जातींमध्ये तुलना करणारा, बेचाळीस लेखकांचा मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वाटेने पुढे जाऊन १९९८ मध्ये अनेक देशांतील संशोधकांच्या एपीजी या गटाने सपुष्प वनस्पतींचे नवे वर्गीकरण मांडले. त्याचा नियम एकच, पण कडक आहे: एका पूर्वजाचे सर्व वंशज एका गटात आले पाहिजेत, आणि त्यातला कोणीही बाहेर राहता कामा नये. या कसोटीवर कुमुदाची शाखा सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात अगदी आरंभी फुटलेली दिसते. तिच्याही आधी फुटलेली शाखा म्हणजे न्यू कॅलेडोनिया बेटावरील अँबोरेला हे झुडूप. ‘द्विदल’ हा जुना मोठा गटही याच नियमाने मोडला, कारण एकदल वनस्पती त्याच्याच पोटातून निघालेल्या आहेत.

नव्या मांडणीत काही जुनी घरे फुटली, काही एकत्र झाली. लिली कुलातून कळलावी, शतावरी, कोरफड आणि कांदा वेगवेगळ्या कुलांत गेले. उलट काटेसावर भेंडीच्या कुलात आली आणि रुई कण्हेरीच्या. साग तुळशीच्या कुलात गेला, हे मात्र मला फारसे खटकले नाही, कारण सागाची कोवळी फांदी चौकोनी असते आणि पाने समोरासमोर येतात. रानात झाड ओळखू पाहणाऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते; जुनी कुले डोळ्यांनी ओळखता येत, नव्यांपैकी काहींची सर्व सदस्यांना लागू पडणारी एकही ठळक खूण सांगता येत नाही. तरीही सोयीसाठी वंशावळ खोटी लिहावी, असे मला वाटत नाही. ओळखीसाठी वेगळी किल्ली, म्हणजे खुणांवरून नाव शोधण्याची यादी, करता येते.

एपीजीच्या २०१६ मधील चौथ्या आवृत्तीत ६४ गण (कुलांचे समूह) आणि ४१६ कुले आहेत. २०२४ मध्ये लंडनमधील क्यू येथील वनस्पती उद्यानाच्या नेतृत्वाखाली पेशीच्या केंद्रकातील ३५३ जनुके वापरून साडेनऊ हजारांहून अधिक जातींचा वंशवृक्ष तयार झाला. हरितलवकावर उभारलेल्या या चौकटीचा बहुतेक भाग त्याने उचलून धरला, पण काही खोल फांद्यांचा क्रम दोन्ही पुराव्यांत जुळत नाही, आणि तिथे वाद चालू आहे.