एका पानासाठी आठ महिने

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी तेवीस वर्षं नोकरी करतोय. आमच्याकडं प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या त्या वेळच्या रसाचा क्रमांक, असतो. दहा वर्षांपूर्वी गेलेला पार्ट गिऱ्हाइकाकडं तुटला आणि त्यानं नंबर कळवला, की त्या दिवशी भट्टीत काय टाकलं होतं, कार्बन किती, सिलिकॉन किती, ओतताना तापमान किती, हे शोधून सांगावं लागतं. ते काम माझ्याकडं आहे. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये एका डॉक्टरांनी माझ्या मुलीबद्दल तसाच प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही, ते फार लागलं.

थोरली अकरावीला गेली आणि कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघात तिची निवड झाली. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. फिटनेस सर्टिफिकेट पाहिजे होतं. फॉर्मवर पूर्वीच्या आजारांचा रकाना होता. तिथं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ब्लड कॅन्सर, २०१४, बरा झाला. डॉक्टरांनी ते वाचलं, पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "लाल औषध एकूण किती गेलं होतं?"

लाल औषध आम्ही विसरणं शक्यच नाही. डाउनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन. नळीतून लाल उतरायचं, नंतर लघवीही लाल व्हायची. घाबरू नका म्हणून सिस्टर आधीच सांगायच्या. पण एकूण किती गेलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आम्हीही विचारलं नव्हतं. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारतं तसं हृदयाच्या स्नायूलाही दुखवू शकतं. ते दुखणं काही मुलांमध्ये कित्येक वर्षांनी वर येतं, आणि धोका किती हे बरंचसं एकूण डोसवर ठरतं. हे सगळं मला त्या दिवशी, उपचार संपल्यावर साडेसात वर्षांनी, पहिल्यांदा कळलं.

ती सहा वर्षांची असताना, जून २०१४ मध्ये, तिला ए.एल.एल. हा ब्लड कॅन्सरचा प्रकार झाल्याचं निदान झालं. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच. आमचं केशरी रेशनकार्ड होतं. तेव्हा राजीव गांधी जीवनदायी नाव असलेली योजना (आता ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली) आमच्या जिल्ह्यात नुकतीच आली होती. वर्षाला दीड लाखाची मर्यादा. पुरलं नाही, पण त्या योजनेशिवाय आम्ही उभे राहिलो नसतो, हे मी कुणालाही सांगेन. अडीच वर्षं चाललं. डिसेंबर २०१६ मध्ये शेवटची गोळी दिली, अंबाबाईची ओटी भरली आणि आम्हाला वाटलं, संपलं.

आता कागद शोधायला निघालो. घरातली मूळ फाइल ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गेली होती. तेव्हा आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो, पाणी खिडकीच्या वर आलं होतं. मग ज्या हॉस्पिटलात उपचार झाले तिथं गेलो. जुने डॉक्टर केव्हाच गाव सोडून गेले होते. रेकॉर्ड रूममधल्या माणसानं रजिस्टर उलटंपालटं करून सांगितलं, "एवढं जुनं काय ऱ्हात न्हाई, साहेब. नियमानंच काढून टाकतात." मी तीन वेळा गेलो. तिसऱ्यांदा आवाज चढला माझा.

घरी येऊन तो नियम शोधून वाचला. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम. त्यात म्हटलंय, भरती झालेल्या रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे आणि कुणी मागितले तर ७२ तासांत द्यायचे. सुरू झाल्यापासून, संपल्यापासून नव्हे. माझ्या मुलीचे उपचारच अडीच वर्षं चालले. म्हणजे शेवटची गोळी घेतल्यावर सहा महिन्यांत हे कागद जपायचं बंधन संपलं, आणि त्या औषधाचा परिणाम बघायचा असतो पुढं आयुष्यभर. त्या माणसानं काही चुकीचं केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी त्याची माफी मागितली.

मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावून योजनेच्या कार्यालयाकडं अर्ज केला. एक यादी आली: तारखा, पॅकेजचं नाव, मंजूर रक्कम. कुठल्या दिवशी सरकारनं किती रुपये दिले ते कळलं. मुलीच्या अंगात किती मिलिग्रॅम गेले, ते त्यात नव्हतं. तरी तारखा मिळाल्या, त्या पुढं कामाला आल्या.

आणि मग बायकोनं ती वही काढली.

ती वही आहे हेच मी विसरलो होतो. दोनशे पानी, पुठ्ठ्यावर शाळेचं लेबल, विषय या रकान्यात "औषध" लिहिलेलं. महापुरात घर सोडताना तिनं दागिन्यांच्या डब्याबरोबर ती पिशवीत टाकली होती. खालचा कोपरा भिजून कडक झालाय, पानं एकमेकांना चिकटलीत. प्रत्येक केमोच्या दिवशी तिनं तारीख, उंची, वजन, औषधाचं नाव आणि आकडा लिहिलाय, आणि सिस्टरांकडून रिकाम्या बाटलीचं लेबल मागून घेऊन पानावर डकवलंय. पहिल्या लाल औषधाचं पान असं आहे: उंची ११०, वजन १८, लाल १८.५. बाजूला २० मिलिग्रॅमच्या बाटलीचं लेबल. खाली लिहिलंय, "रडली नाही." मी विचारलं, "हे कशाला लिहीत होतीस?" म्हणाली, "अहो, मला दुसरं काय करता येत होतं?"

ती वही आणि ती यादी घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो. तिथल्या एका बालकर्करोगतज्ज्ञ मॅडमनी दीड तास दिला. उंची आणि वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ काढतात आणि डोस त्यावर मोजतात. पहिल्या दिवशीचं ०.७४ चौरस मीटर आलं, चौरस मीटरला २५ मिलिग्रॅम, म्हणून त्याला २५ नं गुणलं की बरोबर साडेअठरा. एका पानावरचा आकडा पाण्यानं फुटला होता, पण वरच्या ओळीतलं वजन वाचता येत होतं, त्यावरून तोही लागला. डाउनोरुबिसिन चार वेळा, डॉक्सोरुबिसिन तीन वेळा. एकूण चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम. २५० आणि त्यावर गेलं तर धोका जास्त धरतात. ही त्याच्या खाली आहे, पण निर्धास्त राहण्याइतकी नाही. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठराविक वर्षांनी करायचा. उपचारात दिलेल्या स्टेरॉइडमुळं खुब्यात दुखलं तर अंगावर काढायचं नाही. पाठीच्या मणक्यातून दिलेल्या औषधामुळं लक्ष लागायला, गणिताला काही मुलांना अडचण येते. हे ऐकताना आठवीत गणितावरून मी तिला काय काय बोललो होतो ते आठवत राहिलं. आणि पुढं कधी दिवस राहिले तर आधी हृदय तपासून घ्यायचं. हे मॅडमनी तिला एकटीला सांगितलं, आम्हाला बाहेर बसवून. ते बरोबर केलं.

मार्च २०२५ मध्ये ते एक पान हातात आलं. त्याला उपचाराचा सारांश म्हणतात. उपचार संपतात त्या दिवशी ते प्रत्येक मुलाला मिळायला हवं. टाटा रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे. म्हणजे हे आपल्याकडं जमतच नाही असं नाही. पण ते तुमच्या नशिबानं तुम्ही कुठं पोचलात यावर आहे, कायद्यावर नाही.

मॅडमकडूनच कळलं की अमेरिकेत २०१८ साली यासाठी कायदा झाला. चाइल्डहूड कॅन्सर स्टार ॲक्ट. मुलांच्या कॅन्सरवरचं संशोधन, त्याच्या नोंदी, आणि बऱ्या झालेल्या मुलांची पुढची देखभाल, मोठ्यांच्या डॉक्टरकडं जातानाची सुद्धा, हे सगळं एकाच कायद्यात. वर्षाला ३ कोटी डॉलरची तरतूद. जानेवारी २०२३ मध्ये त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. तिथले आईबाप त्यासाठी वर्षानुवर्षं खासदारांचे उंबरे झिजवत होते. एवढा पैसा आपण उद्या उभा करू असं मी म्हणत नाही. पण कागद जपायला कितीसा पैसा लागतो?

मी आमदारांना निवेदन दिलंय, पोच घेतली आहे. तीनच मागण्या आहेत. लहानपणी कॅन्सर झालेल्याचे कागद तो किमान पंचवीस वर्षांचा होईपर्यंत नष्ट करू नयेत. योजनेतल्या हॉस्पिटलनं सारांशाचं पान दिल्याशिवाय शेवटचं बिल मंजूर होऊ नये. आणि पुढचा एको योजनेत धरावा. उत्तर आलेलं नाही, दर महिन्याला जातो.

एको चांगला आला. थोरली खेळते, लेफ्ट विंगला. पानाचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहे, मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये, पुराच्या पाण्यापासून लांब.

गेल्या आठवड्यात कागलहून एकाचा फोन आला. मुलाची शेवटची गोळी पुढच्या महिन्यात आहे, कुणीतरी माझा नंबर दिला होता. म्हटलं, हॉस्पिटल सोडायच्या आधी सगळं लिहून घ्या. त्यांनी विचारलं, काय काय? मी सांगायला लागलो: आजाराचं पूर्ण नाव, निदानाची तारीख, लाल औषधाचे एकूण मिलिग्रॅम, पाठीतली इंजेक्शनं किती, रेडिएशन दिलं का, दिलं तर कुठं आणि किती, रक्त किती वेळा चढवलं...

"थांबा दादा," ते म्हणाले, "पेन घेतो."